एका पानानं कमी असलेलं पुस्तक

मी एक पुस्तक आहे. लहान मुलांचं, चित्रांचं, हसवायचं. माझं नाव 'उंदीरमामांचा नेहमीचा दिवस'. माझ्या मुखपृष्ठावर एक उंदीर पाठमोरा उभा आहे आणि दाराचं कुलूप ओढून बघतो आहे. तुम्ही मला कुठंतरी पाहिलंही असेल; एखाद्या वाचनालयात, दवाखान्यातल्या बाकावर, नाहीतर कुणाच्या घरी सोफ्याच्या फटीत अडकलेलं. ती माझी भावंडं. आम्ही सगळे एकाच यंत्रावर छापले गेलो, दिसतोही एकसारखे. फक्त मी त्यांच्याहून एका पानानं कमी आहे.

ते कसं झालं, हे सांगायचं म्हणून तोंड उघडतोय. हसवणाऱ्या पुस्तकानं लाजेच्या गोष्टी सांगाव्यात हे बरं दिसत नाही, मला कळतं. पण माझं एखादं भावंड तुमच्या घरात असेल, तर तुम्हाला हे ठाऊक असलेलं बरं.

आधी माझ्यात काय आहे ते सांगतो. एक म्हातारासा उंदीर आहे. गळ्यात मफलर, डोळ्यांवर चष्मा आणि चष्म्याच्या एका काडीऐवजी कानाला गुंडाळलेला दोरा. तो सकाळी उठतो, रेडिओशी भांडतो, डबा भरतो, कुलूप लावतो. कुलूप ओढून बघतो, चार पावलं जातो, परत येऊन पुन्हा ओढतो. शिंक आली की एकटी येत नाही, मागून सगळं खानदान येतं. मग तो कामाला जातो, येतो, पांघरूण डोक्यावरून घेऊन झोपतो आणि शेपटी बाहेरच राहते. बस्स, एवढंच. कुठं साहस नाही, मांजर नाही. तरी मुलं हसतात. मोठी माणसं तर जरा जास्तच हसतात.

मला काढलं ते एका मुलीनं. ती दुकानांच्या पाट्या रंगवते. दिवसभर दुसऱ्यांची नावं मोठ्या अक्षरात लिहायची आणि खोलीवर येऊन स्वतःसाठी चित्रं काढायची, असं तिचं चालायचं. माझं पहिलं चित्र तिनं एका बिलाच्या पाठीमागं काढलं. काढता काढता स्वतःशीच हसली. मग पेन्सिल थांबली, तिनं दाराकडं पाहिलं, कुणी बघत तर नाही ना, अशा नजरेनं. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता. मी नुसता एक मफलर आणि अर्धा कान होतो.

अर्थ कळला तो बाइंडिंगखात्यात.

छापून झाल्यावर आम्ही मोठमोठ्या कागदांच्या रूपात तिथं येऊन पडलो. एकेका कागदावर कितीतरी पानं, त्यातली अर्धी उलटी. या कागदाला फर्मा म्हणतात. त्याच्या घड्या घालायच्या, घड्या एकात एक बसवायच्या, मधोमध पिना मारायच्या आणि तिन्ही कडा कापायच्या, की पुस्तक झालं. घड्या घालायच्या टेबलाशी एक म्हातारेसे गृहस्थ उभे होते. गळ्यात मफलर. चष्म्याच्या काडीच्या जागी दोरा.

त्यांना पाहून माझ्या अंगावरची शाई पुन्हा ओली होते की काय असं वाटलं.

ते त्या मुलीचे मामा होते. लहानपणापासून तिला त्यांनीच वाढवलेलं. खात्यात सगळे त्यांना मामाच म्हणायचे. "हे माझ्या भाचीचं पुस्तक आहे," ते सगळ्यांना सांगत होते. "याच्या घड्या मीच घालणार. कुणी हात लावायचा नाही."

आणि त्यांनीच घातल्या. हाडाची पट्टी हातात धरून त्यांनी माझी एक एक घडी दाबली. पण मला पाहिलं नाही. घडी घालणारा माणूस चित्राकडं बघत नाही. त्याची नजर कोपऱ्यावर असते. कोपऱ्याला कोपरा जुळला, खुणेवर खूण आली, की कागद सरकवायचा आणि पुढचा घ्यायचा. मामांच्या डोळ्यांखालून ते स्वतः शेकडो वेळा गेले. कधी उलटे, कधी आडवे, कधी नुसते पाय. त्यांना फक्त कोपरे दिसले.

बाकीच्यांना मात्र सगळं दिसत होतं. कटिंग मशीनवर एक तरतरीत माणूस होता, त्याला सगळे कात्री म्हणत. पिना मारायला एक मावशी होत्या.

"मामा, फर्मा नीट बघितला का?" कात्रीनं विचारलं.

"बघितला की. कोपरे जुळतायत."

"कोपरे नाही हो, चित्रं, चित्रं!"

"चित्रं बघत बसलो तर घड्या कोण घालणार? तुझा सासरा?"

मावशी तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "मला तर हा उंदीर कुठंतरी पाहिल्यासारखा वाटतोय."

"रोज सकाळी बघतो की आपण त्याला," कात्री म्हणाला. "डबा घेऊन येतो."

मामा दचकले. "इथं उंदीर झालेत? मग मला आधी नाही का सांगायचं! चिकटवायचा सरस झाकून ठेवत जा. सरस खातात ते."

यावर खात्यात जो हशा उसळला, त्यानं कात्रीला मशीन बंद करावं लागलं. मामाही हसले. भाचीचं पुस्तक लोकांना आवडतंय, याच आनंदात ते हसत होते. मी त्यांच्या हातात होतो. मला कुठं तोंड लपवावं कळेना. पुस्तकाला तोंड लपवायचं म्हणजे मिटून घ्यायचं, आणि मला तर अजून पिनाही मारल्या नव्हत्या.

त्या खात्यात एक रीत आहे. पुस्तकाची पहिली तयार प्रत ज्यानं घड्या घातल्या त्याची. ती पहिली प्रत मी. मामांनी मला फडक्यानं पुसलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि बगलेत घेऊन घरी निघाले.

इथून माझी खरी परीक्षा सुरू झाली. मी एखाद्या कपाटात जाऊन पडलो असतो तर बरं झालं असतं. पण मामा मला घेऊन हिंडायला लागले. किराणा दुकानात गेले, मला काढलं. खालच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या, मला काढलं. "भाचीचं पुस्तक. बघा तरी!" लोक उघडायचे, चित्राकडं बघायचे, मामांकडं बघायचे, पुन्हा चित्राकडं बघायचे. मग ओठ घट्ट मिटायचे, गाल फुगायचे, आणि शेवटी फुटायचेच. मामांना वाटायचं, काय पुस्तक आहे!

कुठल्या पानावर लोक जास्त हसतात हे त्यांना हळूहळू पाठ झालं. न्हाव्याकडं खुर्चीत बसल्या बसल्या ते म्हणाले, "ते शिंकांचं पान काढा. तिथं सगळे हसतात."

न्हाव्यानं वस्तरा बाजूला ठेवला, हात पुसले, पान काढलं. आरशात मामा, हातात मी. त्यानं एकदा इकडं पाहिलं, एकदा तिकडं.

"मामा, तुमच्या भाचीचा हात चांगला आहे हो."

"आहेच. लहानपणापासून."

"आणि डोळा त्याहून चांगला."

"डोळे तिला आईचे आलेत," मामा अभिमानानं म्हणाले, आणि तेवढ्यात साबणाचा फेस नाकात गेला असावा. त्यांना शिंक आली. मग दुसरी. मग सगळं खानदान. बाकावर बसलेली गिऱ्हाइकं एकमेकांच्या अंगावर पडून हसू लागली. न्हावी तर आरशाला टेकला. मामांनी डोळे पुसले आणि तेही हसले. "बघा, नुसतं पान काढलं तरी हसताय तुम्ही!"

ते मामा माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. गालाला फेस, चष्मा मांडीवर, आणि चेहऱ्यावर असा आनंद की कुणाला खरं सांगायचा धीर होऊ नये. कुणी सांगितलंही नाही. आणि मी तर काय बोलणार? माझ्यात जेवढं छापलंय तेवढंच मला बोलता येतं.

तुम्ही म्हणाल, मामांनी एकदा तरी मला वाचायला नको का? मला वाटतं, त्यांना गरजच वाटली नाही. मुखपृष्ठावर उंदराची पाठ होती, आणि स्वतःची पाठ कुणाला ओळखू येते? आपण शिंकतो कसे, कुलूप ओढतो कसे, हे तरी माणसाला कुठं ठाऊक असतं? ते दुसऱ्यांना ठाऊक असतं.

सुट्टीच्या दिवशी भाची घरी आली. मामा दारातच सुरू झाले. "टिल्ले, अगं सगळे हसतात! न्हावी तर वस्तरा ठेवून हसला."

टिल्ली हे तिचं घरातलं नाव. तिचे कान लाल झाले. ती चपला काढत बराच वेळ खाली वाकून राहिली.

"मामा, तू वाचलंस का ते?"

"वाचायचं काय त्यात? मी बांधलंय ते."

"तसं नाही. पहिल्यापासून. चित्रं बघत."

"बघू की. पळून चाललंय का पुस्तक?"

तिनं तोंड उघडलं. मी टेबलावर होतो, मला तिचा चेहरा दिसत होता. आता सांगेल, आता सांगेल असं वाटलं. "मामा..." ती म्हणाली, आणि मग, "चहा ठेवू का?"

मामा म्हणाले, "ठेव की. त्यात विचारायचं काय?"

पुढच्या सुट्टीलाही चहाच ठेवला गेला. त्याच्या पुढच्यालाही. मला तिचा राग येत नव्हता. तिनं मामांची टिंगल करायला मला काढलंच नव्हतं. तिला माणूस म्हटलं की मामाच आठवायचे. हात आपोआप तिकडं जायचा. हसू मायेतून आलं होतं. पण लोकांपर्यंत पोहोचलं ते नुसतं हसू. माया चित्रात दिसत नव्हती. आणि ते चित्र म्हणजे मीच, म्हणून मला माझीच लाज वाटत होती.

मग वाचनालयाच्या बाईंनी तिला बोलावलं. मुलांना गोष्ट वाचून दाखवायची, चित्रं दाखवायची. ती नाही म्हणाली असती, पण बाईंचा फोन ती मामांकडं असतानाच आला आणि मामांनी ऐकला. "येईल, येईल!" ते पलीकडून ओरडले. "आणि मीही येईन!"

त्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला. मफलर धुऊन वाळवलेला. भाचीनं आपली प्रत आणली होती, तर म्हणाले, "ती ठेव. ही पहिली आहे, ही वाच." मी तिच्या हातात गेलो.

मुलं सतरंजीवर बसली होती. मामांना बाईंनी पुढंच, भिंतीलगत खुर्ची दिली. ते मांडीवर हात ठेवून ताठ बसले. भाची वाचू लागली. आवाज इतका बारीक की बाईंना दोनदा सांगावं लागलं, "मोठ्यानं, मोठ्यानं." रेडिओच्या भांडणावर मुलं हसली. कुलपावर आणखी हसली. शिंकांच्या पानावर तर सगळी सतरंजी शिंकायला लागली.

तेवढ्यात एक लहान मुलगी उठून उभी राहिली. तिनं सरळ बोट दाखवलं. "ते बघा! उंदीरमामा तिथं बसलेत!"

मामांनी मागं वळून पाहिलं. कोण आहे ते बघायला.

मागं भिंत होती.

मुलं फुटलीच. "मफलर बघ! चष्म्याचा दोरा बघ!" मामांचा हात हळूच वर गेला आणि कानापाशी थांबला. त्यांनी दोरा चाचपला. मग माझ्याकडं पाहिलं. मी उघडा होतो, सरळ होतो, आणि पहिल्यांदाच त्यांनी कोपरा सोडून मला पाहिलं.

भाचीला काही सुचेना. माणूस गोंधळला की हात चालूच राहतात, तसं तिनं पान उलटलं. पुढचं पान उंदीर घरी येतो त्याचं होतं. तो जिन्यातूनच हाक मारतो, "आलो गं! मीच आहे, घाबरू नकोस!" आणि त्याच पानावर खाली बिळाचं आतलं चित्र आहे. बीळ रिकामं. कोपऱ्यात एक कोळ्याचं जाळं. या पानावर मुलं नेहमीच सगळ्यांत जास्त हसायची.

"आत कुणीच नाहीये!" एक मुलगा ओरडला.

मग सगळ्यांनी ताल धरला. "आत कुणीच नाही! आत कुणीच नाही!" आणि ते पुस्तकाला नाही, मामांनाच सांगत होते. लहान मुलांना कशाची कल्पना असणार? एवढा खरा उंदीरमामा समोर बसलेला, त्याला खबर द्यायला नको का?

मामा उठले. "चालू दे, चालू दे," असं हातानंच म्हणाले. भिंतीच्या कडेनं दारापर्यंत गेले. दार आवाज न करता लावून घेतलं.

भाचीनं गोष्ट कशी संपवली मला आठवत नाही. ती त्याच दिवशी घरी आली होती, पण मामा झोपल्याचं सोंग घेऊन पडले होते. तिनं मला टेबलावर ठेवलं आणि गेली. सकाळी मामांनी मला उचललं, उघडलं नाही, फळीवर पाठ आत करून ठेवून दिलं.

त्यानंतर घरात जे सुरू झालं ते मला सोसवत नव्हतं. मामांनी रेडिओला उत्तरं देणं बंद केलं. शिंक आली की नाक चिमटीत धरायचे, चेहरा लालबुंद व्हायचा, शिंक आतच विरायची. कुलूप लावून न ओढता निघायचे. मला त्यांची पावलं ऐकू यायची, चार पावलांवर थांबायची, आणि मग नेटानं पुढं जायची. मफलर खुंटीवर लटकत राहिला. संध्याकाळी जिन्यातून हाक यायची बंद झाली. दार उघडायचं, दिवा लागायचा. माणूस आपल्याच घरात परक्यासारखा वावरायला लागला, कुणीतरी बघतंय, आत्ता हसेल, अशा बेतानं. आणि ते बघणारं घरात दुसरं कोण होतं? मीच.

पुढच्या सुट्टीला भाची आली. दारात उभी राहिली. आत ये म्हटल्याशिवाय आत येईना.

"ये. परकी झालीस का?" मामा म्हणाले. चपलेचा तुटका पट्टा शिवत बसले होते, मान वर केली नाही.

"मामा, माझं चुकलं."

"काय चुकलं? चित्रं झकास आलीत."

"टोमणे मारू नकोस ना."

"टोमणा नाही. कुलूप तर हुबेहूब आलंय. बघितलं मी परवा. दोरासुद्धा सोडला नाहीस." त्यांनी सुई बाजूला ठेवली. "उंदीर केलंस त्याचं काही नाही गं. हत्ती केलं असतंस तर शोभलो नसतो. पण मीच दाखवत फिरलो, टिल्ले. बगलेत मारून. न्हाव्याला म्हटलं, शिंकांचं पान काढा. मीच म्हटलं! आणि सगळ्यांना ठाऊक होतं. कात्रीला ठाऊक, मावशींना ठाऊक, त्या किराणावाल्याला ठाऊक. तुलाही."

ती रडायला लागली. "मी सांगणार होते. दर वेळी ठरवून यायचे. तू इतका खूश असायचास, की..."

"खूश माणूस बघायला मजा येत असेल."

"नाही रे मामा!"

मग मामा उठले, फळीवरून मला काढलं आणि तिच्यापुढं ठेवलं.

"वाच."

"आत्ता?"

"मी अजून ओळीनं ऐकलेलंच नाही. मला ते सगळं उलटंसुलटंच माहीत आहे. वाच."

तिनं डोळे पुसले आणि वाचायला लागली. मामा हाताची घडी घालून ऐकत होते, एखाद्या तपासनिसासारखे. रेडिओचं पान आलं.

"मी असं उलट बोलतो रेडिओला?"

"बोलतोस."

"तो चुकीचंच सांगतो, मग!"

तिला हसू आलं आणि तिनं ते गिळलं. मामांचाही ओठ जरा हलला. शिंकांच्या पानावर ते म्हणाले, "नाक एवढं मोठं नाहीये माझं," आणि ती म्हणाली, "उंदराचं आहे ते," आणि एक क्षण मला वाटलं, सुटलो. आता सगळं ठीक होईल.

मग हाकेचं पान आलं. तिनं वाचायला तोंड उघडलं आणि मामांनी माझ्यावर पंजा ठेवला. पूर्ण चित्र झाकलं.

"हे नको होतं."

"का? तुला सवयच आहे ना ती. मी वेगळी राहायला गेल्यावरसुद्धा तू हाक मारत येतोस. काकू सांगतात, हसतात सगळ्या."

"सवय आहे. कशी लागली, विचारलंस कधी?"

तिला माहीत नव्हतं. तिच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं.

"तुझी आई गेली आणि मी तुला इथं आणलं," मामा म्हणाले. "तेव्हा दाराची कडी वाजली की तू पलंगाखाली जायचीस. अगदी भिंतीपर्यंत. कोण आलंय, कळायचं नाही ना तुला. मी पालथा पडून बोलवायचो, गोळी दाखवायचो, तू हूं नाही की चूं नाही. मग मी जिन्याच्या वळणावरूनच ओरडायला लागलो. आलो गं, मीच आहे. हळूहळू तू पलंगाखाली जायची थांबलीस. मग दारात यायला लागलीस. मग जिन्यात." त्यांनी दाराकडं पाहिलं. "आता तू नसतेस, मला ठाऊक आहे. वेडा नाही मी. पण ते वळण आलं की तोंडातून निघतं, त्याला मी काय करू? आत कुणी नाही, हे पोरांनी सांगायला नको होतं मला."

भाचीनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी तिच्या मांडीवर उघडा पडलो होतो आणि माझ्यात ते रिकामं बीळ होतं, ते गमतीचं जाळं होतं. ते जाळं काढताना ती हसली होती, मला आठवत होतं. छापून निघालेल्या शाईला मागं फिरता येत नाही, नाहीतर मी तिथल्या तिथं कोरा झालो असतो.

"ओढून काढ," ती म्हणाली. "फाड ते पान."

"फाडायचं नसतं. वेडी का तू?" मामा एकदम बाइंडरच्या आवाजात बोलले. "हे पान एकटं नसतं. मधल्या घडीतून पलीकडच्या पानाला जोडलेलं असतं. हे ओढलं की ते सुटतं. पलीकडं काय आहे?" त्यांनी उलटून पाहिलं. पलीकडं झोपेचं पान होतं, पांघरूण डोक्यावर आणि शेपटी बाहेर. "हे चांगलं आहे. हे राहू दे."

त्यांनी पातळ पात्याचा चाकू आणला, पट्टी ठेवली आणि हाकेचं पान घडीपासून बोटभर कडा ठेवून कापलं, म्हणजे पलीकडचं पान धरून राहील. उरलेली कडा सरसानं शेजारच्या पानाला चिकटवली. मला दुखलं का, असं कुणी विचारलं तर सांगेन, नाही. इतकं नीट कुणी मला कधी हाताळलं नव्हतं.

कापलेलं पान त्यांनी भाचीला दिलं. "हे तुझं. बाकीचं सगळं असू दे. कुलूप असू दे, शिंका असू देत. हसतील तर हसू देत. ज्या प्रती बाहेर गेल्यात त्यांचं आता काय करणार? पण पुन्हा छापतील तेव्हा हे नको. एवढं बघ."

"बघते," ती म्हणाली.

आणि तिनं बघितलं. काही दिवसांनी ती दुपारची आली, मामा कामावर होते. मला समोर घेऊन तिनं प्रकाशकांना फोन लावला. प्रकाशकांचा आवाज मोठा, मला सगळं ऐकू येत होतं.

"अहो, त्याच पानावर तर मुलं हसतात! वाचनालयं पुन्हा मागतायत ती त्याच्यासाठी. ते काढलं तर उरतं काय?"

"कुलूप उरतं. शिंका उरतात. रेडिओ..."

"ते ठीक आहे हो. पण जीव त्या पानात आहे."

"हो," ती म्हणाली. "म्हणूनच."

"म्हणूनच काय?"

तिला सांगता येईना. सांगायचं म्हणजे पुन्हा मामांनाच लोकांपुढं उभं करायचं. "ते पान नाही घालायचं," एवढंच म्हणाली.

"मग नाही जमणार. नीट विचार करा. पहिलंच पुस्तक आहे तुमचं. नाव होतंय. पुढचं कोण विचारणार आहे?"

"मग नका छापू." तिनं ते पुन्हा म्हटलं. "नका छापू."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ माझ्या त्या चिकटवलेल्या कडेवरून बोट फिरवत बसली. मामांना तिनं काही सांगितलं नाही. पण खात्यात फर्म्यांची वाट बघणारा माणूस तो. त्याला कितीक दिवस कळणार नाही?

"तुझे फर्मे आले नाहीत अजून," एका सुट्टीला मामा म्हणाले.

"नाही येणार."

"का?"

"असंच."

मामांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा पुसला. "उगाच बोललो मी तुला त्या दिवशी."

"नाही मामा."

"दुसरं काही काढतेयस का?"

"काढायला बसते. मग वाटतं, आता कुणाचं काय उचलतेय मी."

मामा उठून स्वतःच चहा ठेवायला गेले. दोघंही एकमेकांपुढं ओशाळलेली, आणि मध्ये टेबलावर मी. मला हसवण्यासाठी जन्माला घातलं होतं.

आता मी फळीवर असतो, पाठ बाहेर करून. मामा पुन्हा कुलूप ओढून बघायला लागलेत. शिंका मोकळ्या झाल्यात. परवा रेडिओला ते चक्क गाढव म्हणाले. मफलर गळ्यात आला. न्हाव्याकडं ते जातात, तिथं आता कुणी हसत नाही. न्हावी उलट जरा जपूनच बोलतो म्हणे, आणि ते मामांना हसण्याहून जड जातं. फक्त संध्याकाळी जिन्याच्या वळणावर त्यांची पावलं थांबतात. मी कान देऊन असतो. ते श्वास घेतात, तोंडाशी आलेलं आत ढकलतात, आणि गुपचूप वर येतात. ती हाक मी घेतली. मी असं म्हटलं तर कुणी म्हणेल, पुस्तकाचा काय दोष? असेल नसेल. पण पोरांनी ताल धरला तेव्हा उघडं होतं ते माझंच पान.

माझी भावंडं जेवढी बाहेर गेली तेवढीच. नवी येणार नाहीत. एखादं तुमच्याकडं असेल, तर त्याला फेकू नका, कापूही नका. मामांसारखं कापणं सगळ्यांना जमत नाही. मुलांना वाचून दाखवा. कुलपावर हसा, शिंकांवर पोट धरून हसा, मामांची हरकत नाही. हाकेचं पान आलं की मूल म्हणेल, आत तर कुणीच नाहीये. तेव्हा त्याला सांगा की चित्र चुकलंय. आत पलंग आहे, पलंगाखाली अगदी भिंतीला टेकून एक लहान मुलगी बसलीय आणि दाराकडं कान लावून आहे. चित्र काढणारीला ती दिसली नाही, कारण ती मुलगी म्हणजे ती स्वतःच होती.

एवढं सांगा, आणि मग पान उलटा.